वास्तू आणि वास्तव्य : उपयुक्ततेच्या कसोटीचा पुनर्विचार

इमारतीचे मूल्यमापन करताना तिच्या उपयुक्ततेचा विचार केला पाहिजे, हे मत व्हिट्रुव्हिअसइतके जुने आहे. टिकाऊपणा, उपयुक्तता आणि सौंदर्य हे वास्तूचे तीन गुण त्याने एकत्रच सांगितले. परंतु पुढील समीक्षेने पहिला गुण अभियंत्याकडे सोपविला, तिसरा स्वतःकडे ठेवला आणि दुसऱ्याची बोळवण नकाशावर ओझरती नजर टाकून केली. स्वयंपाकघर आहे, मोरी आहे, खिडकीतून उजेड येतो, एवढे दिसले की वास्तू उपयुक्त ठरते. ही कसोटी अपुरी तर आहेच, शिवाय ती भलत्या वेळी लावली जाते. छायाचित्रकार ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरात बहुधा कोणी राहावयास आलेले नसते. वास्तव्य सुरू झाल्यावर रहिवासी भिंत कोठे पाडतात, खिडकी कोठे बुजवितात, पडवी कोठे वाढवितात, ही त्या वास्तूवरील पहिली साधार टीका होय. ती वाचावयाची कशी, हे मात्र समीक्षकाला क्वचितच शिकविले जाते.

या टीकेचे सर्वपरिचित उदाहरण फ्रान्समधील आहे. बोर्दो शहराजवळच्या पेसाक येथे साखर-उद्योगातील आंरी फ्रुजेस या धनिकाने ल कॉर्ब्युझिए याच्याकडून १९२४ ते १९२६ या काळात कामगारांसाठी सुमारे पन्नास घरे बांधून घेतली. सपाट छपरे, लांबच लांब आडव्या खिडक्या, उघड्या गच्च्या आणि रंगीत भिंती अशी त्यांची घडण होती. वास्तुकाराने गरजेचा विचार केला नव्हता असे म्हणता येणार नाही. उलट त्याने तो फार कसोशीने केला होता. मात्र गरज ही सर्वत्र सारखी आणि एकदाच मोजून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, असे त्याचे गृहीत होते. रहिवाशांनी आडव्या खिडक्या आखूड केल्या, घराखालच्या मोकळ्या जागा बंद केल्या, काहींनी सपाट छपरावर उतरते छप्पर चढविले. फिलिप बुदों याने या फेरफारांचा अभ्यास करून १९६९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. या फेरफारांकडे केवळ अपयशाचा पुरावा म्हणून पाहण्यास तो तयार नव्हता. मूळ रचनेत फेरफारांना वाव होता म्हणूनच ते झाले, हे त्याने दाखवून दिले. हा निष्कर्ष आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण रहिवाशाने हात लावला की वास्तू बिघडली, हा समज त्याने खोडून काढला.

पेसाकची पुढची कथा मात्र विचारात पाडणारी आहे. पुढे या घरांचे मूळ रूप परत आणण्याचे प्रयत्न झाले आणि २०१६ साली चंडीगढच्या कॅपिटॉल संकुलाबरोबरच या वसाहतीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. खिडकी आखूड करण्याची एका कुटुंबाची गरज आणि ती मूळच्या लांबीत पाहण्याची अभ्यासकाची गरज, यांत दुसरी वरचढ ठरली. जतनाला आमचा विरोध नाही. परंतु जतन करताना कोणाची गरज बाजूला सारली जाते, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेने टाळू नये.

आता जेथे फेरफारास वावच नव्हता असे उदाहरण घेऊ. मुंबईतील बी. डी. डी. चाळी १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती. प्रत्येक इमारतीत तळमजला धरून चार मजले आणि ८० खोल्या. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. मधून बोळ, दोहोंकडे खोल्या, सामाईक शौचकूप. येथे गरज मोजली गेली ती डोक्यांच्या हिशेबाने. काँक्रीटची भिंत हलविता येत नाही आणि मालकी सरकारची. तेव्हा रहिवाशांनी भिंतीऐवजी उपयोग बदलला. खोलीत माळा घातला. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपण्याच्याही पाळ्या लागल्या. बोळ ही केवळ जाण्यायेण्याची वाट न राहता रात्री अंथरुणाची, दिवसा मुलांच्या खेळाची आणि लग्नकार्यात पंगतीची जागा झाली. नकाशात ज्या जागेला काही नाव नव्हते, तीच सर्वांत जास्त वापरली गेली.

येथे एका भाबडेपणापासून सावध राहावयास हवे. १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ प्रसिद्ध झाल्यापासून मराठी वाचकाच्या मनात चाळीविषयी एक जिव्हाळा रुजला आहे. तो साहित्यगुणांचे फळ आहे. वास्तुगुणांचा दाखला म्हणून तो पुढे करता येणार नाही. शौचकुपापुढील रांगेत उभ्या असलेल्या बाईला शेजारधर्म प्रिय असेलही, परंतु ती रांग तिने निवडलेली नव्हती. अडचणीतून माणसांनी काढलेली वाट आणि त्या अडचणीचे समर्थन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चाळीतील बोळाचे मर्म ओळखून, त्याची सक्ती टाळून घर रचता येईल काय? या प्रश्नाला महाराष्ट्रात दिले गेलेले सर्वांत गंभीर उत्तर नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. चार्ल्स कोरिया यांनी तेथे १९८३ ते १९८६ या काळात साकारलेली वसाहत ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते. सात घरे सुमारे आठ मीटर लांबीरुंदीच्या अंगणाभोवती. असे तीन समूह मिळून एकवीस घरे अधिक मोठ्या चौकाभोवती. आणि अशा चौकांतून पुढे वस्ती. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे उत्पन्नात कितीही अंतर असले तरी जमिनीत फारसे नाही. दोन घरांना सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याची परवानगी न मागता प्रत्येकास आपले घर वाढविता येते. भिंती आणि उतरती छपरे अशी, की साध्या गवंड्याला ती बांधता यावीत. उष्ण हवामानात आकाशाखालची जागाही वर्षातील बराच काळ खोलीइतकीच उपयोगी पडते, हा कोरियांचा आवडता विचार येथे प्रत्यक्षात उतरला आहे.

या वसाहतीतील अनेक मूळ घरे आज उरलेली नाहीत. त्यांच्या जागी काँक्रीटची दोन-तीन मजली घरे उभी राहिली आहेत. केवळ छायाचित्रे पाहणाऱ्यास हा ऱ्हास वाटेल. आमचे मत वेगळे आहे. घरे बदलली तरी अंगण, चौक आणि वाटा यांची मूळ मांडणी ओळखता येते. म्हणजे कोरियांनी खऱ्या अर्थाने रचले ते घराघरांमधील नाते, आणि घर हे त्या नात्यातील बदलण्याजोगे पद होते. या दृष्टीने पेसाकपेक्षा बेलापूरची रचना अधिक परिपक्व आहे, कारण तेथे जे अनपेक्षित घडले ते येथे आरंभापासून गृहीत धरले होते.

तथापि एक आक्षेप उरतोच, आणि बेलापूरच्या प्रशंसकांनी तो पुरेसा मनावर घेतलेला नाही. घर वाढविणारा माणूस आणि ज्याच्यासाठी ते आखले गेले तो माणूस एकच आहे काय? जमिनीचा भाव चढला की अल्प उत्पन्नाचे कुटुंब घर विकते; घेणारा ते पाडून मोठे बांधतो. हळूहळू वाढत जाणारे घर ही कल्पना मुळात त्या कुटुंबाच्या तुटपुंज्या बचतीशी जोडलेली होती; नव्या मालकाने ती एका झटक्यात पुरी केली. नकाशा हा व्यवहार रोखू शकत नाही, हे खरे. पण मग ‘रहिवाशाची गरज’ या शब्दप्रयोगात रहिवासी कोण, हे प्रत्येक वेळी वेगळे सांगावे लागेल. पहिला की तिसरा, मालक की भाडेकरू, कमावता पुरुष की दिवसभर घरात वावरणारी स्त्री. वास्तुसमीक्षेत हा शब्द एकवचनी वापरला जातो, त्यामुळे पुष्कळसा घोटाळा होतो.

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात आता या प्रश्नाला व्यावहारिक धार आली आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र शौचालय असलेले घर मिळणे ही मोठी प्राप्ती आहे. तिच्याकडे नाक मुरडण्याचा अधिकार मोठ्या घरात राहणाऱ्या समीक्षकाला नाही. तरीही उंच इमारतीत उद्वाहन, पाण्याचा पंप आणि त्यांची देखभाल यांचा खर्च दरमहा येतो, आणि तो घराच्या क्षेत्रफळात दिसत नाही. निवृत्त गिरणी-कामगाराच्या विधवेला तो झेपतो की नाही, हा उपयुक्ततेचाच प्रश्न आहे. बोळात जे चालत असे त्यांपैकी काय नव्या मजल्यावरील उद्वाहनासमोरच्या जागेत आले, काय दाराआड गेले आणि काय बंद पडले, हे घरे ताब्यात आल्यावर पाच वर्षांनी मोजपट्टी, नकाशा आणि वही घेऊन दारोदार जाऊनच कळेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी त्या कामाची आखणी चाळीतील उरलेले माळे आणि बोळ पाडले जाण्यापूर्वी करावी, कारण तुलनेचा पहिला नकाशा नंतर काढता येणार नाही.