दहावी चाल, एक्कावन्नावी चाल

मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणाऱ्या कुणालाही सिसिलियनची चव ठाऊक असते. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की काळा त्याच्यासमोर प्यादं आणून उभा राहत नाही. तो बाजूनं, सी५वरून, मध्यावर डोळा ठेवतो. पटाचे दोन भाग पडतात आणि लवकरच कुणीतरी काहीतरी पेटवतं.

इंटरनेटवरचा सगळ्यात गाजलेला सिसिलियन मात्र चार महिने चालला. २१ जून १९९९ ते २२ ऑक्टोबर १९९९. पांढऱ्याकडून गॅरी कास्पारोव्ह, त्या जुलैत रेटिंग २८५१. काळ्याकडून ‘जग’: मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग साइटवर जमलेले ७५हून जास्त देशांतले ५० हजारांवर लोक. एका चालीला एक दिवस. चार तरुण खेळाडू चाली सुचवायचे, लोक मत द्यायचे, जास्त मतं मिळालेली चाल पटावर यायची. ६२व्या चालीला जग हरलं.

या डावाचं तात्पर्य सहसा एका वाक्यात सांगतात: गर्दीला डोकं नसतं, प्रतिभा एकट्याची असते. डाव एकेक चाल करून पुन्हा पाहिला, की मला हे तात्पर्य साफ चुकीचं वाटतं.

सुरुवात कास्पारोव्हनं शांतच केली होती. तिसऱ्या चालीला उंटाचा शह, मग उंटांची अदलाबदल. सिसिलियनच्या अंगावर येणाऱ्या फांद्या टाळायचा हा सभ्य रस्ता. आग लावली ती जगानं. दहाव्या चालीला काळ्याचा वजीर ई६वर आला. सुचवणारी होती अमेरिकेची इरिना क्रश, वय वर्षं १५. हा वजीर ई४ आणि सी४ अशा दोन प्याद्यांवर एकदम मारा करतो, पण त्याची किंमत भयंकर आहे. पांढरा घोडा डी५वरून सी७वर झेप घेतो आणि राजाला शह देतानाच कोपऱ्यातल्या हत्तीवरही मारा करतो. काळ्याचा हत्ती जातो, कॅसलिंग कायमचं जातं आणि राजा डी७वर उघड्यावर येतो. बदल्यात काळ्याला ती दोन प्यादी मिळतात आणि कोपऱ्यात अडकलेला तो घोडाही शेवटी मिळतो. हत्ती देऊन घोडा आणि दोन प्यादी. हिशेब जवळपास बरोबरीचा, पण पटावर काहीच बरोबरीचं दिसत नाही.

गर्दी नेहमी सावध, मिळमिळीत निर्णय घेते, असं म्हणणाऱ्यांनी ही चाल बघावी. हजारो अनोळखी लोकांनी एका शाळकरी मुलीच्या धाडसावर मत दिलं.

ते मत आंधळं नव्हतं. साइटच्या चर्चाफलकावर लोक प्रत्येक फांदी तपासत होते. सेंट पीटर्सबर्गमधल्या अलेक्झांडर खालिफमानच्या ग्रँडमास्टर स्कूलचं विश्लेषणही येत होतं. क्रश हे सगळं एकत्र गुंफत होती: पांढऱ्यानं हे केलं तर ते, ते केलं तर हे. दहाव्यापासून पन्नासाव्या चालीपर्यंत तिनं सुचवलेली प्रत्येक चाल मतदानात जिंकली. आमच्या कामात कोड बदलायचा तर बदलाबरोबर कारणही लिहावं लागतं, आणि ते दुसरा कुणीतरी तपासतो. इथे चाळीस चाली हेच चाललं होतं.

आणि हे सगळं समोरचा वाचत होता. आपण तो फलक वाचत होतो, हे कास्पारोव्हनं नंतर स्वतःच कबूल केलं. एका बाजूचा सगळा विचार उघड्यावर, दुसऱ्या बाजूचा बंद खोलीत. तरीही पन्नासाव्या चालीला दोघांनी नवे वजीर आणले, तेव्हा पटावर सात मोहरी उरली होती आणि स्थिती बरोबरीची होती. सात मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती संगणकानं सोडवल्यानंतर हे नक्की झालं.

एक्कावन्नाव्या चालीला क्रशनं राजा ए१वर न्यायला सांगितलं. मतदानात निसटत्या फरकानं बी५चं प्यादं जिंकलं. एकानेच अनेक मतं टाकल्याचा दावाही झाला. तो बाजूला ठेवला तरी दोष मतदानाच्या रचनेतच आहे. तासन् तास फांद्या तपासलेल्या माणसाचं मत आणि जाता जाता क्लिक केलेल्याचं मत इथे सारखंच. निवडणुकीत ते तसंच असायला हवं. पण डावात प्रत्येक चाल आधीच्या चालीची ऋणी असते, आणि मतमोजणीला फक्त चाली मोजता येतात, त्यामागची कारणं मोजता येत नाहीत. चाळीस चाली कारणं आणि मतं हातात हात घालून चालली होती. इथे हात सुटला.

पुढची घसरण झटपट झाली. ५८व्या चालीला क्रशची शिफारस वेळेत साइटवर आलीच नाही. डाव तोवर बराचसा हातून गेला होता, पण लोक चिडले. पुढच्याच चालीला वजीर फुकट देणाऱ्या चालीवर निषेधाच्या मतांचा पाऊस पडला आणि आयोजकांनी ती मतं बाद केली. शेवटी राजीनाम्याच्या बाजूनं ५१ टक्के मतं पडली. हार मानण्यावरसुद्धा जगाचं धड एकमत झालं नाही.

म्हणून मी या डावाचे दोन तुकडे करतो. पहिल्या पन्नास चाली ही सामूहिक विचाराची एक उत्तम कलाकृती आहे. शेवटच्या बारा चाली म्हणजे तो विचार बंद पडल्यावर उरलेली नुसती मोजणी. या डावाइतकी मेहनत आपण दुसऱ्या कुठल्याही डावावर घेतली नाही, असं कास्पारोव्हनं पुढे सांगितलं. ‘गर्दीला डोकं नसतं’ म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

डाव नेटवर सहज सापडतो. इंजिन बंद ठेवा, दहाव्या चालीवर थांबा आणि स्वतःचं मत द्या. माझं मत मी प्रामाणिकपणे सांगतो: मी कॅसलिंग केलं असतं.