माशी, मासा आणि परंपरा

आजचा विषय वरवर पाहता नाशिकपासून फार लांबचा आहे. इंग्लंडमध्ये ट्राउट मासा धरायला गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. वाद असा, की ही माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे की बुडालेली चालेल? फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माशीवर ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या चाहत्यांनी त्याचा धर्मच केला. मग जी. ई. एम. स्क्यूज हे वकील १९१० साली म्हणाले, ट्राउट बराचसा चारा पाण्याखालीच खातो, मग बुडती माशी का नको? लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात १९३८ साली यावर रीतसर वादसभा झाली!

आता गंमत बघा. ज्या ग्रंथाच्या आधाराने परंपरा सांगितली जात होती, त्याला तेव्हा जेमतेम बावन्न वर्षं झाली होती. आपल्या दख्खनमध्ये कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात गळाने मासे धरण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. जुनेपणावरच निकाल लावायचा, तर हॅलफर्डसाहेब कालचं पोर ठरतील. म्हणून आम्ही म्हणतो, ‘किती जुनं?’ हा प्रश्नच अपुरा आहे.

हसू नका, हाच वाद आपल्या दारात आहे. पहिल्या पावसात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात नदीतला मासा अंडी घालायला ओहोळात, भातखाचरात चढतो. हे चढणीचे मासे. त्यांची वाट बांबूच्या सापळ्याने अडवून ते धरायची जुनी रीत आहे. एक बाजू म्हणते, बापजाद्यांपासून चालत आलंय. दुसरी, बहुतेक शहरातली, म्हणते, गाबोळी भरलेला मासा मारता, बंद करा.

आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. बांबूच्या कामट्यांच्या फटीतून बारीक मासा निसटतो. त्या जागी मच्छरदाणीचं कापड आलं, की काहीच निसटत नाही. ब्लीचिंग पावडर किंवा विजेचा करंट पाण्यात सोडला, तर मग बोलायलाच नको. पाण्यात विष कालवणं आणि सुरुंग लावणं १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलंय. नाव जुनं ठेवून साधन बदललं, तर ती परंपरा कसली? पण बांबू आहे म्हणून सगळं माफ, असंही नाही. ओहोळाच्या पूर्ण रुंदीला सापळा लावला, तर बांबूही वाट बंदच करतो.

आणि शहरी टीकाकारांनो, जरा थांबा. गंगापूर आणि दारणा धरणांच्या भिंती मासा चढू शकत नाही. त्या धरणांचं पाणी शहराला जातं, शेतीला जातं, कारखान्यांना जातं. नदीची वाट आपण कायमची अडवायची आणि चार दिवस ओहोळ अडवणाऱ्या आदिवासीला शहाणपण शिकवायचं, हा न्याय नव्हे. त्याच्या ताटात त्या दिवसांत दुसरं काय असतं, हेही विचारा.

मग कसोटी कोणती? आमच्या मते एकच: आपण धरल्यावर वरच्या शेतापर्यंत मासा पोचतो का? समुद्रावर याचं उत्तर काळात शोधलंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतो, मग होड्या हाकारतो. परंपरेत साधन असतं तसा संयमही असतो. साधन बदलणं सोपं, म्हणून ते आधी बदलतं. संयम मात्र गुपचूप गळून जातो आणि नाव तेच राहतं.

ओहोळावर अर्धी वाट मोकळी ठेवायची, मच्छरदाणी लावायची नाही, एवढं गावाने ठरवलं तरी पुरे. हे ठरवायला ग्रामसभा आहे, लंडनचा क्लब लागत नाही. पण ग्रामसभेत शहराने उपदेश करायला जाऊ नये. गेलंच, तर आधी आपल्या धरणांचा हिशेब घेऊन जावं.