वाट सांगणे आणि वाट दाखवणे : वाहनचालकांसाठीच्या संवर्धित वास्तव दिशादर्शनाची चिकित्सा

प्रास्ताविक

‘वाट सांगणे’ आणि ‘वाट दाखवणे’ या दोन क्रियांत मराठी भाषा फरक करते. वाट सांगणारा आपल्या जागी उभा असतो. ‘सरळ जा, पुढे वडाचे झाड लागेल, तिथून डावीकडे वळा’ हे त्याचे म्हणणे मनात घेऊन वाटसरू पुढे निघतो आणि झाड येते का ते पाहतो. झाड आले नाही, तर सांगणारा चुकला किंवा आपण चुकलो, हे त्याच्या ध्यानात येते. वाट दाखवणारा मात्र सोबत चालत येतो. त्याचे बोट आणि समोरचा रस्ता एकाच दृष्टिक्षेपात येतात; वाटसरूला स्वतंत्रपणे काही पडताळण्याची गरज उरत नाही.

मोटारीच्या पुढच्या काचेतून पाहताना वळणाचा बाण जणू रस्त्यावरच आखला आहे असे भासवणारी प्रदर्शने गेल्या काही वर्षांत महागड्या गाड्यांतून आली आहेत. ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे मराठीत रूढ होत असलेल्या शब्दांत संवर्धित वास्तव, या तंत्रावर ती आधारलेली आहेत. ही प्रदर्शने वाट दाखवतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ती प्रत्यक्षात वाट सांगतच असतात. फक्त ते सांगणे आहे ही गोष्ट त्यांनी झाकलेली असते. ‘संवर्धित’ हे विशेषणही तपासून घ्यावे असे आहे. संवर्धन म्हणजे जोपासून वाढवणे. काचेवर बाण उमटल्याने रस्त्याच्या वास्तवात काहीच वाढ होत नाही. वाढतो तो रस्त्याविषयीचा मजकूर, आणि तो काही ना काही झाकूनच वाढतो.

नकाशापासून बाणापर्यंत

जपानच्या होंडा कंपनीने १९८१ साली इलेक्ट्रो जायरोकेटर हे मोटारीतील दिशादर्शक उपकरण आणले. त्यात उपग्रहाचा संबंध नव्हता. पारदर्शक पत्र्यांवर छापलेले नकाशे लहानशा पडद्यापुढे सरकवायचे आणि पडद्यावरील प्रकाशबिंदू वाहनाचे स्थान दाखवी. चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातील इटॅक कंपनीचे उपकरण आले. त्याचे अंकीय नकाशे कॅसेटवर साठवलेले असत. चाकांवरील संवेदक आणि होकायंत्र यांच्या आधारे ते वाहनाची जागा काढी. पडद्यावर वाहनाचे चिन्ह स्थिर राही आणि त्याभोवती नकाशा फिरे.

‘इटॅक’ हे नाव मोठे बोलके आहे. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या पारंपरिक नावाड्यांची ती संकल्पना. आपली होडी स्थिर आहे आणि बाजूचे एक संदर्भबेट ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकते आहे, अशी कल्पना करून ते किती अंतर कापले याचा हिशेब ठेवत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते संदर्भबेट सहसा क्षितिजाच्या पलीकडे असते; नावाड्याला ते दिसत नाही. जे दिसत नाही ते मनात धरून जे दिसते त्याचा अर्थ लावायचा, असे ते शास्त्र होते. कॅसेटवरच्या नकाशाने त्यातील काही भार उचलला, पण सगळा नाही. पडद्यावरची रेघ आणि काचेपलीकडचा रस्ता यांची सांगड चालकालाच घालावी लागे.

ही सांगड घालण्याचे काम यंत्राने करावे ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली. लढाऊ विमानात वैमानिकाला मान खाली न घालता माहिती दिसावी म्हणून हेड-अप डिस्प्ले तयार झाला. १९८८ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीमच्या काही गाड्यांत तो बसवला. त्यावर वेगाचे आकडे दिसत. संवर्धित वास्तव ही संज्ञा रूढ केली ती बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी. १९९२ सालच्या त्यांच्या निबंधातील उदाहरण विमानातील तारांच्या जुडग्यांचे आहे. कामगाराने डोक्यावरील चष्म्यातून फळीकडे पाहावे आणि कोणती तार कुठून न्यायची ते त्याला फळीवरच दिसावे. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली या तंत्राची तीन लक्षणे सांगितली : खरे आणि आभासी यांचा मिलाफ, तत्क्षणी प्रतिसाद, आणि त्रिमित अवकाशातील अचूक जुळणी.

येथे थोडे थांबले पाहिजे. बोइंगच्या फळीवर काय आहे ते यंत्राला आधीच पूर्ण ठाऊक असते. फळी हलत नाही आणि तिच्यावर अचानक मूल धावत येत नाही. ज्या जगाबद्दल सर्व काही आधीच माहीत आहे अशा जगासाठी जन्मलेली ही कल्पना रस्त्यावर आणताना तिसऱ्या लक्षणाचे काय होते, हा या चिकित्सेतील कळीचा प्रश्न आहे.

जुळणीची भूमिती

मर्सिडीज-बेंझच्या २०२० सालच्या एस-क्लास मोटारीतील प्रदर्शन या प्रकारातील एक प्रगत नमुना म्हणून घेता येईल. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार त्याची आभासी प्रतिमा चालकापुढे सुमारे १० मीटरवर भासते आणि तिचे दर्शनक्षेत्र आडवे १० अंश व उभे ५ अंश आहे. शालेय त्रिकोणमितीने पाहिले तर १० मीटरवर ही चौकट जेमतेम पावणेदोन मीटर रुंद होते. २० मीटरवर ती साडेतीन मीटर, म्हणजे महामार्गाच्या एका मार्गिकेएवढी होते. चौकात उजवीकडे वळायचे असेल तेव्हा जिथे वळायचे तो रस्ता चालकाच्या बाजूला येतो, चौकटीच्या पूर्णपणे बाहेर. जिथे वाट दाखवण्याची सर्वाधिक गरज, तिथे दाखवायला चौकटीत रस्ताच नसतो. मग हवेत तरंगणाऱ्या दिशाचिन्हांचा आधार घ्यावा लागतो. तंत्र निरुपयोगी आहे असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र मोक्याच्या क्षणी ते चित्रातून चिन्हाकडे, दाखवण्यातून सांगण्याकडे निमूटपणे परतते, आणि हा बदल चालकाला कळवण्याची सोय त्यात नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच आहे असे धरू. त्याला ५० मीटरवरील रस्त्याचा बिंदू सुमारे १.४ अंशाच्या अवनत कोनात दिसतो. आता गाडीचे नाक क्षणभर १ अंशाने वर किंवा खाली झाले आणि यंत्राने त्याची तत्काळ दुरुस्ती केली नाही, तर ५० मीटरसाठी काढलेला बाण एका बाजूला २९ मीटरवर, तर दुसऱ्या बाजूला १८० मीटरच्याही पलीकडे पडलेला दिसेल. अंश एकच, पण त्यात पहिली गल्ली आणि तिसरी गल्ली यांचा फरक सामावलेला आहे. ब्रेक दाबताना, भार मागे असताना, आणि आपल्याकडे तर दर थोड्या अंतरावर येणाऱ्या गतिरोधकावर, १ अंश ही काही मोठी गोष्ट नव्हे. निर्माते अर्थातच कॅमेरे व गतिसंवेदक वापरून ही दुरुस्ती करतात. पण तिच्यातील विलंब आणि चूक शून्य होत नाही.

तिसरी अडचण अडथळ्याची. पुढे ट्रक असेल तर त्यामागचा रस्ता दिसत नाही. तरी रस्त्यासाठी काढलेला बाण ट्रकच्या मागील फळीवर उमटलेला दिसतो. झाकणारी वस्तू जवळची, झाकली जाणारी दूरची, हा आपल्या दृष्टीचा जुना नियम आहे. येथे दूरची म्हणून काढलेली खूण जवळच्या वस्तूला झाकते. मोकळ्या महामार्गावर हा विरोध क्वचित जाणवेल. ज्या शहरांत पुढच्या वाहनाच्या पाठीखेरीज रस्त्याचा पृष्ठभाग क्वचितच दिसतो, तिथे ‘रस्त्यावर आखलेला बाण’ हे वर्णनच लागू पडत नाही. मुंबईच्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर जागोजागी उड्डाणपूल आणि त्यांच्याखालून जाणारे रस्ते आहेत. पुलावरचे आणि पुलाखालचे वाहन नकाशावर एकाच बिंदूवर असते. केवळ उपग्रहसंकेतांवर विसंबणाऱ्या यंत्राला या दोहोंत भेद करणे जड जाते.

अशी चूक साध्या नकाशाकडूनही होते, हा आक्षेप रास्त आहे. फरक चुकीच्या प्रमाणात नाही, तिच्या रूपात आहे. पडद्यावरील नकाशा चुकला तर ‘नकाशा चुकला’ असे आपण म्हणतो, कारण नकाशा हे कोणाचे तरी विधान आहे, हे त्याचे रूपच सांगत असते. काचेपलीकडे रस्त्याला चिकटलेला बाण विधानासारखा दिसत नाही. तो रस्त्याच्या अंगावरील खुणेसारखा, पालिकेने रंगवलेल्या पट्ट्यासारखा दिसतो. त्याच्यावर संशय घ्यायचा तर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरच संशय घ्यावा लागतो, आणि भरधाव जाताना तेवढी उसंत कोणालाही नसते.

लक्ष आणि अलक्षित

या प्रदर्शनांचा मुख्य युक्तिवाद लक्षाचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तेवढा वेळ नजर मधल्या पडद्यावर असणे धोक्याचे. म्हणून माहिती नजरेच्या रेषेतच आणावी. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, कारण नजर आणि लक्ष या दोन गोष्टी आहेत.

वैमानिकांच्या बाबतीत हे फार पूर्वी दिसून आले होते. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी फिशर, हेन्स आणि प्राइस यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी वैमानिकांनी अनुरूपकावर विमान उतरवले. धावपट्टीवर मध्येच दुसरे विमान आले, तेव्हा हेड-अप डिस्प्ले वापरणाऱ्यांपैकी काहींना ते दिसलेच नाही. त्यांचे डोळे मात्र धावपट्टीच्याच दिशेला होते. सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ सालचा गोरिलाचा प्रयोग आता सर्वपरिचित आहे. चेंडू किती वेळा फेकला गेला हे मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना दृश्याच्या मधोमध आलेला गोरिला दिसला नाही.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे संशोधन ये, विकेन्स आणि सीगल यांचे आहे, तेही १९९९ सालचे. त्यात संगणकीय भूदृश्यात लपलेली लक्ष्ये शोधायची होती आणि काही लक्ष्यांकडे प्रदर्शनातील खुणा निर्देश करीत. खूण असलेली लक्ष्ये लवकर सापडली. पण त्याच दृश्यात खूण नसलेले, सूचनेनुसार अधिक महत्त्वाचे असलेले लक्ष्य असे, तेव्हा खुणेमुळे ते नजरेतून निसटण्याचे प्रमाण वाढले. रस्त्याच्या भाषेत सांगायचे तर बाण, पुढच्या गाडीभोवतीची चौकट, मार्गिकेची रंगीत कड हे सारे खूण असलेले. आणि दुभाजकाच्या फटीतून बाहेर पडणारी वृद्ध बाई, उलट बाजूने येणारा सायकलस्वार, बिनदिव्याची बैलगाडी हे खूण नसलेले. यंत्राने ज्याला ओळखले त्यालाच ते अधोरेखित करणार. ज्याला ओळखले नाही तो पूर्वीइतकाच दिसतो असे नव्हे, तर शेजारच्या अधोरेखितामुळे तो पूर्वीपेक्षा कमी दिसतो. या प्रदर्शनाची किंमत गाडी विकत घेणारा एकटाच मोजत नाही, ती पायी चालणाराही मोजतो, आणि त्याला कोणी विचारलेले नाही. गॅबार्ड, फिच आणि किम यांनी २०१४ साली या क्षेत्राचा जो आढावा घेतला, त्यात चालकापुढील अशा धोक्यांची दखल आहे. पण काचेबाहेरच्या माणसाच्या बाजूने विचार झालेला सहसा आढळत नाही.

एका चांगल्या प्रयोगाविषयी

एकांगीपणाचा दोष येऊ नये म्हणून किम आणि डे यांच्या २००९ सालच्या प्रयोगाचा निर्देश आवश्यक आहे. वयस्क चालकांना दिशादर्शनात येणाऱ्या अडचणी कमी व्हाव्यात, हा त्यांचा हेतू होता. त्यांच्या रचनेत पुढील रस्त्याचा नकाशा काचेच्या वरच्या भागातून खाली सरकत येतो आणि समोरच्या प्रत्यक्ष रस्त्यात मिसळून जातो. नेहमीच्या नकाशाप्रदर्शनाच्या तुलनेत दिशेच्या चुका आणि लक्ष विभागल्याने होणाऱ्या अडचणी यांत घट झाली.

माझ्या मते या रचनेचे खरे बळ मिसळण्यात नसून सरकत येण्यात आहे. रस्त्यात विरून जाण्यापूर्वी नकाशा काही काळ नकाशाच राहतो. वळणापलीकडचे, अजून न दिसणारे चालकाला आधी सांगितले जाते, आणि मग दाखवले जाते. प्रशांत महासागरातील नावाड्याचे क्षितिजापलीकडचे बेट येथे, अंशतः का होईना, परत येते. बाजारात आलेल्या गाड्यांनी मात्र यातील शेवटचा टप्पा, म्हणजे बाण, तेवढा काचेवर घेतला. नकाशा मधल्या पडद्यावरच राहिला. प्रयोगाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. तो अनुरूपकावर झाला. तेथे रस्ता आणि त्यावरील रेखाटन दोन्ही संगणकाचेच असल्याने जुळणीचा प्रश्न मुळातच सुटलेला होता. वर मोजलेला १ अंश तेथे नव्हता, गतिरोधक नव्हता.

म्हणून या प्रदर्शनांच्या परीक्षणाची कसोटी बदलायला हवी. चालक किती लवकर वळला आणि किती वेळा चुकला हे मोजणे पुरेसे नाही. वळताना खूण नसलेली कोणती गोष्ट त्याला दिसली आणि कोणती दिसली नाही हे मोजले पाहिजे, आणि तेही भरलेल्या रस्त्यावर. रचनेच्या अंगानेही काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. पुढच्या वाहनाने रस्ता झाकला असेल तर बाण त्या वाहनावर उमटू नये. गाडीचे नाक हलत असताना तो काढून घ्यावा. आणि उड्डाणपुलाच्या तोंडाशी आपण वर आहोत की खाली याची यंत्राला खात्री नसेल, तर त्याने ठाम रेषेत बाण न काढता दोन्ही फाटे पुसट दाखवावेत आणि निवड चालकावर सोडावी.