गोव्यातील वेशरेखाटने आणि त्यांचे दफ्तर

वेशभूषेच्या इतिहासाची कागदावरील साधने मुख्यतः दोन प्रकारची असतात. अंगावरचा पोशाख पाहून चित्रकाराने काढलेले चित्र हा पहिला प्रकार, आणि पोशाख शिवला जाण्यापूर्वी तो कसा बेतायचा हे ठरवण्यासाठी वेशकाराने किंवा शिंप्याने काढलेले रेखाटन हा दुसरा. कापड कोठे दुमडायचे, शिवण कोठे घ्यायची, कोणती कल्पना आधी सुचली आणि कोणती खोडली गेली, हे फक्त या दुसऱ्या प्रकारच्या कागदावरून कळते. गोव्यापुरते पाहिले तर पहिल्या प्रकारची साधने जवळजवळ पाच शतकांइतकी जुनी असून, परदेशांत विखुरलेली असली तरी, ती चांगली सांभाळली गेली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या कागदांचा भरवसा मात्र अजून घरच्या कपाटांवर आणि शिवणदुकानांच्या फळ्यांवर आहे. आणि पेडणे व डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांत तर पहिल्या प्रकाराचीही वानवा जाणवते.

पाहून काढलेल्या चित्रांत सर्वांत मोलाचा ठेवा रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात १८८९ या क्रमांकाखाली आहे. १५४० च्या सुमारास तयार झालेल्या या संचात ७६ जलरंगचित्रे असून त्यांवर पोर्तुगीज भाषेत परिचयाच्या ओळी आहेत. चित्रकाराचे नाव कोठेही नोंदलेले नाही. रेषेच्या व रंगाच्या वळणावरून तो भारतीय असावा आणि हे काम गोव्यात झाले असावे, असे अभ्यासक मानतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंतची माणसे यात बहुधा जोडीजोडीने उभी आहेत, आणि त्यांच्या अंगावरील वस्त्राचे काठ, गाठी, पदर हे सारे अशा बारकाईने आले आहे की वस्त्रांच्या अभ्यासकाला ते जवळजवळ नमुनापुस्तकासारखे वापरता यावे. जेझुइट इतिहासकार जॉर्ज शुरहामर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या संचाकडे लक्ष वेधेपर्यंत तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता.

याच्या उलट गत लिन्सखोटेनच्या प्रवासग्रंथातील चित्रांची झाली. गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या या डच माणसाने जे टिपून नेले, त्यावरून ताम्रपटावर कोरलेली चित्रे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा खोदून छापलेली चित्रे, १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाली आणि युरोपभर पसरली. ती कोरणाऱ्यांनी गोवा पाहिलेला नव्हता. त्यामुळे धोतर नेसलेल्या शेतकऱ्याच्या अंगावर युरोपीय शिल्पातील स्नायू आले आणि वस्त्राच्या घड्याही त्याच शिल्पांच्या वळणाने पडल्या. तरीही गोव्याच्या जुन्या वेशाविषयी लिहिताना हीच चित्रे पुन्हा पुन्हा छापली जातात, कारण ती सहज हाती लागतात. अनामिक भारतीय चित्रकाराची साक्ष मागे राहते आणि दुरून कोरलेली प्रतिमा प्रमाण ठरते, ही गोष्ट खटकणारी आहे. विसाव्या शतकात मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांनी आणि तरुण वयातील सचित्र रोजनिशांनी गोव्याच्या माणसाचा पेहराव घरच्या नजरेने टिपला. पण तीही पाहणाऱ्याचीच चित्रे आहेत.

शासकीय दफ्तराकडे वळले की वेगळीच अडचण समोर येते. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ मध्ये इतिहासकार दियोगु दु कौतु यांच्या नेमणुकीने सुरू झाले, आणि आशियातील जुन्या दफ्तरांत त्याची गणना होते. पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी विसाव्या शतकात ते अभ्यासकांसाठी लावून दिले व १९५५ मध्ये त्याची मार्गदर्शिका पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या या श्रमांचे ऋण मराठी इतिहासलेखनावर मोठे आहे. परंतु दफ्तर हे राज्यकर्त्यांच्या पत्रव्यवहाराचे, हुकुमांचे आणि हिशेबांचे असल्यामुळे वेश तेथे येतो तो प्रामुख्याने मनाईचा किंवा जकातीचा विषय म्हणून. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना पुडवे, म्हणजे धोतर, आणि स्त्रियांना हिंदू पद्धतीची चोळी वापरण्यास बंदी केली. ज्या वस्त्राला मनाई झाली त्याचे वर्णन कागदावर राहिले. ते कोणी विणले, कसे नेसले, कसे शिवले, याचे एकही रेखाटन फर्मानाला जोडण्याची गरज कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

पेडणे आणि डिचोली यांचे वेगळेपण येथेच सुरू होते. हे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते १७८० च्या दशकात, म्हणजे त्या फर्मानानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. आणि नव्या काबिजादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाला धर्म व रीतिरिवाज यांत ढवळाढवळ न करण्याचे आश्वासन मिळाले होते. त्यामुळे सासष्टी-बार्देशातील ख्रिस्ती समाजाच्या पोशाखावर जे दडपण आले ते येथे आले नाही, आणि सावंतवाडीकडील मराठी मुलखाशी असलेला वेशाचा धागा अखंड राहिला. मात्र सोळाव्या शतकातील चित्रसंचांच्या वेळी हे तालुके पोर्तुगीज गोव्याबाहेर होते, म्हणून त्यांची माणसे त्या चित्रांत शोधून उपयोग नाही. येथे चित्र शोधायचे तर कागदाऐवजी भिंतीकडे जावे लागते. पेडणे तालुक्यातील मालपे येथील मुळवीर मंदिराच्या भिंतींवर नैसर्गिक रंगांत पुराणप्रसंग चितारलेले आहेत, आणि कोकणपट्टीतील कावी चित्रकलेत, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडून काढलेल्या चित्रांत, देवांच्या व वीरांच्या अंगावर चित्रकाराला परिचित असलेली वस्त्रे येणे स्वाभाविकच आहे. या भिंतींकडे धार्मिक चित्रे म्हणून पाहिले गेले. पागोट्याचा बांधा, अंगरख्याचा घेर, साडीचा काष्टा यांची मोजून काढलेली रेखाटने करून ती दफ्तरात ठेवणे हे स्वतंत्र काम आहे, आणि ते चुना पोपडण्यापूर्वी व्हायला हवे.

बेतण्याच्या रेखाटनांना कायद्याचा आधारही तोकडा आहे. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ हा शंभर वर्षे जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षे जुन्या मौल्यवान हस्तलिखितांना पुरावस्तू मानतो. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ हा सरकारी कागदांपुरता आहे. १९६० किंवा १९८० मध्ये काढलेले पोशाखाचे रेखाटन पहिल्याच्या वयाच्या अटीत बसत नाही, आणि खाजगी असल्याने दुसऱ्याच्या कक्षेत येत नाही. कलासंग्रहालयाला ते पूर्ण चित्र वाटत नाही व पुराभिलेखागाराला ते दस्तऐवज वाटत नाही. मधल्या काळात वारस घर आवरतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, यांनी मुंबईत जे. जे. कलाशाळेतील शिक्षणाबरोबर महिलांच्या नियतकालिकांसाठी वेशचित्रे काढण्यापासून कामाला सुरुवात केली. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी १९४७ मध्ये उभारलेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटाबरोबर त्यांची चित्रे १९५३ मध्ये प्रदर्शित झाली. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या या कलावतीने २०१२ मध्ये ती बाहुली सुरक्षित राहावी म्हणून अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठवली. त्यांच्या निधनानंतर, २०२० च्या डिसेंबरात, त्यांच्या संग्रहातील चित्रे व रेखाटने मुंबईत लिलावात निघाली. लिलाव करणाऱ्यांचा यात दोष नाही, उलट त्यामुळे त्या कागदांची यादी तरी झाली. पण एका व्यक्तीच्या हातचे कागद एकत्र असतात तेव्हाच त्यांतून तिची विचारपद्धती वाचता येते, आणि वेगवेगळ्या घरांत गेलेल्या कागदांतून ती पुन्हा जुळवणे फार कठीण असते.

गोव्यात या बाबतीत सर्वांत डोळस प्रयत्न वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी केला. लिस्बनच्या राष्ट्रीय वेशसंग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या फॅशन संस्थेत उमेदवारी केलेली असल्याने संग्रह म्हणजे काय हे ते जाणून होते. गोव्याच्या वेशेतिहासावरील त्यांचा ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ २०१२ मध्ये आला, खांद्यावर गाठ मारून नेसायच्या कुणबी साडीला त्यांनी पुन्हा चलन मिळवून दिले, आणि शापोरा नदीच्या काठी, पलीकडे पेडणे तालुका सुरू होतो त्या कोलवाळ गावातील आपल्या जुन्या घरात वेशसंग्रहालय व संशोधनकेंद्र उभारण्याचे काम हाती घेतले. एका वेशकाराने स्वतःच्या कपड्यांआधी प्रदेशाच्या कपड्यांची चिंता करावी, याबद्दल गोव्याने त्यांचे सदैव कृतज्ञ राहावे. परंतु एका व्यक्तीच्या ध्यासावर उभ्या असलेल्या संग्रहाला त्या व्यक्तीनंतर नियमित अनुदान, प्रशिक्षित कर्मचारी आणि सूची लागते, आणि ही जबाबदारी केवळ खाजगी आस्थेवर सोडून चालत नाही.

जतनाचे तंत्र येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण रेखाटनाचा कागद हा पोथीच्या कागदापेक्षा नाजूक असतो. सोळाव्या शतकातील युरोपीय कागद चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने आजही लवचीक आहे. विसाव्या शतकातील वही मात्र लाकडाच्या लगद्याची, आणि त्यातील लिग्निन व आम्ल यांमुळे ती काही दशकांत पिवळी पडून तुकडे होते. पारदर्शक कागद त्याहूनही लवकर ठिसूळ होतो. त्यात वेशकाराचा कागद क्वचितच एकट्या कागदाचा असतो: त्याला टाचणीने किंवा पिनेने कापडाचा तुकडा जोडलेला असतो, चिकटपट्टी लावलेली असते, कडेला बटण वा जरीचा नमुना असतो. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तर बुरशीला ६५ टक्के पुरतात. टाचणी गंजते, गंज कागद खातो, कापडाचा रंग ओलाव्याने पसरतो, आणि चिकटपट्टीचा डिंक तपकिरी डाग सोडून जातो. कागदाचे आम्ल काढण्याची नेहमीची पाण्यातील प्रक्रिया अशा पानावर डोळे झाकून करता येत नाही, कारण कापडाचा रंग आणि खुणेच्या पेनची शाई दोन्ही पाण्यात उतरू शकतात. कोळशाच्या किंवा खडूच्या रेखाटनाला प्लास्टिकच्या आवरणात ठेवले तर स्थिर विजेने भुकटी आवरणाला चिकटते. म्हणून आम्लरहित कागदाची घडी, गंजलेल्या टाचणीच्या जागी सुती टाका, प्रदर्शनात ५० लक्सपेक्षा कमी प्रकाश, आणि कापडाचा तुकडा त्याच पानावर त्याच जागी ठेवण्याचा आग्रह, इतके तरी पाळावे लागते. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालून लाल कापडात दफ्तर बांधण्याची जुनी रीत कसरीला दूर ठेवते, पण ओलाव्यावर तिचा इलाज नाही.

संगणकीय प्रती हे या सगळ्याचे उत्तर आहे असे सरसकट मानले जाते, आणि ते अर्धवट खरे आहे. पानाच्या दोन्ही बाजू, कडेच्या मापांच्या नोंदी आणि शेजारी रंगपट्टी ठेवून इंचाला ६०० बिंदूंच्या घनतेने घेतलेली प्रत अभ्यासाला पुरते; पण पेन्सिलीचा दाब, खोडलेल्या रेषेचा ठसा आणि कापडाचा पोत मूळ पानातच राहतो.

या दोन तालुक्यांत बेतण्याचे ज्ञान कागदावर कमी आणि हातात जास्त आहे. दशावतारी मंडळींचे मुकुट आणि अंगरखे, डिचोलीच्या शिगम्यातील घोडेमोडणीच्या वीरांचे पागोटे व कंबरेला बांधलेल्या लाकडी घोड्याची झूल, हे सारे एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या अंगावर बेतून दिले. त्यांची रेखाटने नव्याने करावी लागतील, आणि ती करताना गोवा कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी केवळ सुंदर चित्र न काढता प्रत्येक भागाला मंडळीतील जाणत्यांनी सांगितलेले नाव, कापडाचे माप आणि शिवणाऱ्याची माहिती त्याच पानावर लिहून घ्यायला हवी. शिंप्यांच्या जुन्या मापवह्यांचाही याच कामात समावेश होतो. त्यांतील आकडे, खुणा आणि मधूनच काढलेला गळ्याचा किंवा बाहीचा आकार हेच या भागातील बेतकामाचे रेखाटन आहे, आणि दुकान बंद होते तेव्हा या वह्या रद्दीत निघतात. पुराभिलेखागाराने खाजगी वेशकागदांसाठी स्वतंत्र विभाग उघडून त्याची पहिली यादी पेडणे आणि डिचोली येथील अशा वह्यांपासून केली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एक कोरडी खोली, मराठी व कोकणी दोन्ही वाचणारा सूचिकार आणि मूळ वही मालकाकडेच ठेवून प्रत घेण्याची मुभा, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.