खाल्लेले पीक मोजायचे कसे?

रानालगतच्या गावात शिकवणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नक्की असेल. पीक दाण्यावर आले की वर्गात पेंगणाऱ्या मुलांची संख्या वाढते. रात्री ती वडिलांबरोबर राखणीला गेलेली असतात. मचाणावर बसून डबे वाजवायचे, आरोळ्या द्यायच्या, शेकोटी विझू द्यायची नाही. एवढे करूनही सकाळी शेताचा एखादा कोपरा रानडुकरांनी उकरलेला सापडतोच. मग अर्ज होतो, पंचनामा होतो आणि कागदावर एक आकडा पडतो. ‘नुकसान किती टक्के?’ या प्रश्नाचे ते उत्तर असते.

प्रश्न साधा वाटतो, पण तो तसा नाही. शेतात उभे असलेले पीक मोजता येते. जे आता शेतात नाहीच, ते कसे मोजायचे?

या प्रश्नाला शास्त्रीय पद्धतीने भिडणारा एक निबंध एप्रिल २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्याच्या आयसर या संस्थेतील संशोधक विद्यार्थी अभिजीत बयानी, त्यांचे मार्गदर्शक मिलिंद वाटवे आणि सहकारी हे त्याचे लेखक. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरील शेते हे त्यांचे क्षेत्र. नीलगाय, रानडुक्कर, चितळ यांसारखे संरक्षित वन्यप्राणी तेथील पिकांचे किती नुकसान करतात, हे त्यांना ठरवायचे होते. शेतकरी सांगतात ते नुकसान आणि सरकारी भरपाई यांत दहापट, शंभरपट अशा श्रेणीचा फरक पडतो. म्हणून कोणाच्याही मतावर विसंबून नसलेला अंदाज हवा, हे त्यांच्या कामामागील कारण. विज्ञान शिकवणाऱ्याने हा निबंध चिकित्सकपणे वाचावा असे मला वाटते, कारण मोजमाप म्हणजे काय हे त्यातून फार चांगले शिकवता येते.

निबंधाचे मुख्य निष्कर्ष तीन. जंगलाला लागून असलेल्या शेतांत निम्म्याहून अधिक उत्पन्न बुडते. जंगलापासून जसजसे दूर जावे तसतशी ही हानी कमी होत जाते. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: भरपाईसाठी वापरली जाणारी नजरअंदाजाची पद्धत खरी हानी फारच कमी दाखवते, इतकेच नव्हे तर तिचा खऱ्या हानीशी सहसंबंधच आढळत नाही.

‘कमी दाखवते’ आणि ‘सहसंबंध नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे घड्याळ रोज दहा मिनिटे मागे असेल तर ते चुकीचे खरे, पण उपयोगी असते. आपण मनात दहा मिनिटे मिळवतो. पण जे घड्याळ कधी तासभर पुढे तर कधी दोन तास मागे असते, त्यात काहीही मिळवले तरी वेळ कळणार नाही. नजरअंदाज केवळ कमी असता, तर भरपाई काही पटींनी वाढवून न्याय करता आला असता. सहसंबंधच नसेल तर नुसती रक्कम वाढवून भागत नाही. जास्त हानी झालेल्याला कमी आणि कमी हानी झालेल्याला जास्त पैसे मिळू शकतात.

नजर अशी का फसते? कोवळ्या रोपाचा शेंडा खाल्ला गेला तर ते पुन्हा फुटते. शेत हिरवे दिसते, पण त्याचा काळ आणि जोम गेलेला असतो. फुले किंवा कोवळ्या शेंगा तेवढ्या वेचून खाल्ल्या तर झाड जागेवरच असते, दाणा मात्र भरत नाही. याउलट डुकरांनी लोळून आडवा केलेला तुकडा चटकन डोळ्यांत भरतो. तेव्हा डोळ्याला दिसते ती नासधूस. हानी कळते ती मळणीनंतर, तराजूवर.

या कामाचे बळ त्याच्या रचनेत आहे. अभ्यासकांनी एकाच पद्धतीवर भिस्त न ठेवता चार वेगवेगळ्या मार्गांनी अंदाज बांधला आणि चारही मार्ग एकाच सुमाराच्या आकड्याकडे आले. विज्ञानात ही जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यां पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने अणूंचे अस्तित्व पटवून दिले, तेही अॅव्होगाड्रो अंक अनेक स्वतंत्र मार्गांनी काढून. प्रत्येक मार्गात काही दोष असतोच. पण दोष वेगवेगळे असताना उत्तर एकच येत असेल, तर ते केवळ दोषांमुळे आले असे म्हणणे कठीण होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप कोणत्याही चांगल्या विद्यार्थ्याने घ्यायला हवा. जंगलाकाठचे शेत आणि दूरचे शेत यांत फरक केवळ प्राण्यांचाच असतो का? काठावरची जमीन उथळ किंवा दगडाळ असू शकते. शिवाय पीक हाती लागेलच असा भरवसा नसल्याने तेथे शेतकरी खत, बियाणे आणि मेहनत बेतानेच घालील. उत्पन्न त्यामुळेही घटेल. केवळ अंतराच्या तुलनेवर निष्कर्ष उभा असता, तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. चार मार्गांमुळे त्याची धार कमी होते, पण तो संपत नाही.

मात्र याच आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्राण्यांच्या भीतीने शेतकऱ्याने खत कमी घातले असेल, तर घटलेले उत्पन्न कोणाच्या खात्यावर मांडायचे? ‘प्राण्यांनी किती खाल्ले?’ असा प्रश्न असेल तर ही घट वजा केली पाहिजे. ‘प्राण्यांमुळे शेतकऱ्याचे किती गेले?’ असा प्रश्न असेल तर ती धरलीच पाहिजे. आकडा बरोबर की चूक हे ठरवण्याआधी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ठरवावे लागते. राखणीची रात्र आणि वर्गात पेंगणारा मुलगा तर क्विंटलच्या हिशोबात येतच नाहीत.

दुसरा आक्षेप व्याप्तीचा. हा अभ्यास एका व्याघ्र प्रकल्पाच्या एका सीमेवरचा आहे. आपल्याकडे संशोधन-शिष्यवृत्ती साधारण पाच वर्षांची असते. तेवढ्यात विद्यार्थ्याच्या हाती मोजकेच हंगाम लागतात आणि आपला पाऊस तर दरवर्षी वेगळा. अशा कामावरून धोरणाचा मुळापासून फेरविचार करा, असे निबंधात म्हटले आहे. मोजण्याची पद्धत बदला, एवढ्यापुरते ते मला पूर्ण मान्य आहे. पण ‘निम्म्याहून अधिक’ हा आकडा उचलून महाराष्ट्रभर वापरणे योग्य नाही. तो जंगलाला चिकटून असलेल्या शेतांचा आहे. संपूर्ण गावाचा नाही, जिल्ह्याचा तर नाहीच.

आमच्या नाशिक जिल्ह्याचेच पाहा. येवला तालुक्यात ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथे घनदाट जंगल नाही, माळरान आहे. काळविटांचे कळप उघड्यावर हिंडतात आणि कोवळ्या पिकांत उतरतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांना पूर्ण संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. येथे जंगलाची कड अशी रेषाच नसेल, तर अंतराबरोबर हानी कशी बदलेल? पश्चिमेकडे पेठ-सुरगाण्यात डोंगरउतारावर भात आणि नागली. तेथील हिशोब आणखी निराळा. ताडोब्याचा आकडा येथे आणता येणार नाही. पद्धत मात्र आणता येईल, आणि आणली पाहिजे.

तिसरा मुद्दा सरासरीचा. गावाची सरासरी हानी समजा दहा टक्के निघाली. पण ज्याची दोनच एकर जमीन आणि तीही कडेला, त्याचे अर्धे पीक गेलेले असू शकते. मोठ्या शेतकऱ्याचा एक तुकडा कडेला आणि बाकीचे आत असतात, त्याचे भागते. लहान शेतकऱ्याची सरासरी त्याच्या एकट्या शेतापुरतीच असते.

ही अडचण वाटवे आणि सहकाऱ्यांनाही जाणवली असावी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात त्यांनी पीकहानीची भरपाई आणि चांगल्या उत्पादकतेचे बक्षीस यांची सांगड घालणारी योजना मांडली. मेहनत करणाऱ्याला ती सोडावीशी वाटू नये, हा त्यामागील विचार मला मोलाचा वाटतो.

शिक्षकांना यातून एक प्रयोग करता येईल. गावातील एका शेतात मालकाच्या परवानगीने एक मीटर बाजूचे वीस चौरस आखावेत. चिठ्ठ्या टाकून त्यांतील दहा निवडावेत आणि त्यांना काटेरी कुंपण घालावे. दहा उघडे ठेवावेत. चिठ्ठ्या का, हे मुलांनाच विचारावे. दर आठवड्याला मुलांनी उघड्या चौरसांतील हानीचा नजरेने अंदाज घेऊन तो लिहून ठेवावा. कापणीनंतर प्रत्येक चौरसातील दाणे वेगवेगळे तोलावेत आणि दोन्ही हिशोब शेजारी मांडावेत. आपल्याच नजरेने आपल्याला किती फसवले, हे एकदा पाहिलेला विद्यार्थी पुढे कोणताही टक्का ऐकला की ‘हा मोजला कसा?’ असे विचारील.

दोष दाखवूनही मी या निबंधाला चांगले काम म्हणतो, ते याचसाठी. वाघ वाचावा असे सर्वांनाच वाटते. त्यासाठी चितळ, नीलगाय, डुक्कर हे त्याचे भक्ष्यही जगले पाहिजे. ते भक्ष्य काही प्रमाणात कोणाच्या तरी शेतावर पोसले जाते. तो खर्च कोण करतो आणि किती, हे आधी नीट मोजले पाहिजे.