तपासणी मोबाइलवर, गोळी मात्र पुण्यात : टेलिमेडिसिनच्या नियमावलीचं एक चिकित्सक वाचन

मागच्या काही लेखांत आपण शोधनिबंध कसा वाचायचा ते पाहिलं. आज शोधनिबंध नाही, सरकारी दस्तऐवज वाचू. बरेच विद्यार्थी असा दस्तऐवज फक्त 'संदर्भ' म्हणून टाकतात आणि पुढे जातात. पण नियमावली हासुद्धा एक युक्तिवादच असतो. त्यात दावा असतो, गृहीतकं असतात आणि पुरावा असतो किंवा नसतो. त्यामुळे तिची चिकित्सा करता येते, करायलाही हवी.

दस्तऐवज आहे 'टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स', तारीख २५ मार्च २०२०. म्हणजे लॉकडाऊनचा पहिला दिवस. प्रश्न आहे एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकत नाही, हातातलं काम पुरं होत नाही, बसवत नाही अशा तक्रारींच्या मुळाशी असणाऱ्या मेंदूविकासातल्या अवस्थेचा. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात राहणाऱ्या माणसाला याची तपासणी आणि औषध व्हिडिओ कॉलवर मिळू शकतं का?

थोडक्यात उत्तर : तपासणी बऱ्याच अंशी होऊ शकते. मुख्य औषध नाही.

नियमावली काय म्हणते

नियमावलीने औषधांचे चार गट केले आहेत. 'ओ' यादीतली साधी औषधं कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. 'ए' यादीतली पहिल्याच व्हिडिओ भेटीत लिहिता येतात. 'बी' यादीतली औषधं फक्त फेरतपासणीत, म्हणजे त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेट झालेली असेल तर. चौथा गट बंदीचा. त्यात औषध नियमांच्या शेड्यूल एक्समधली आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातली अंमली व मनोप्रभावी द्रव्यं येतात.

एडीएचडीसाठी भारतात सर्वाधिक माहितीचं उत्तेजक औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. ते शेड्यूल एक्समध्येही आहे आणि एनडीपीएसच्या यादीतही. ते विकायला मेडिकलवाल्याला २०-एफ नमुन्याचा वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. अमेरिकेतल्या व्हिडिओंत ज्याचं नाव सतत ऐकू येतं ते अ‍ॅडरॉल तर आपल्याकडे मिळतच नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध मात्र या बंदीत येत नाही.

बंदीच्या बाजूने काय आहे

चिकित्सा म्हणजे फक्त चुका काढणं नव्हे. समोरच्याची बाजू आधी तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायची. तर ती मांडू.

अमेरिकेत उत्तेजक औषधासाठी आधी प्रत्यक्ष भेट लागायची. कोविडमध्ये ती अट शिथिल झाली आणि सवलत पुढे वेळोवेळी वाढवली गेली. त्या काळात थोड्या मिनिटांच्या कॉलवर निदान करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. जून २०२४ मध्ये 'डन ग्लोबल' या कंपनीच्या संस्थापिकेला आणि मुख्य डॉक्टरला अटक झाली. त्यांच्यामार्फत ४ कोटींहून अधिक गोळ्या लिहून दिल्या गेल्या, असा तिथल्या न्याय विभागाचा आरोप होता. म्हणजे भीती हवेतली नाही.

दुसरा मुद्दा आकड्यांचा आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'एएसआरएस' प्रश्नावली आहे. तिची सहा प्रश्नांची छोटी आवृत्ती तुम्ही मोबाइलवर कधीतरी भरलीही असेल. २००५ च्या मूळ अभ्यासात तिची संवेदनशीलता ६८.७ टक्के आणि विशिष्टता ९९.५ टक्के निघाली. हा अभ्यास अमेरिकेतल्या १५४ लोकांवर झाला होता. आता गणित करू. २० देशांच्या पाहणीत प्रौढांमधलं प्रमाण सरासरी २.८ टक्के आलं होतं, तेच धरू. १००० जणांत २८ जणांना एडीएचडी असेल, त्यांतले १९ प्रश्नावली पकडेल. उरलेल्या ९७२ पैकी ५ जण चुकून पकडले जातील. एकूण २४ पैकी १९ बरोबर. छान!

पण ही विशिष्टता इथे तशीच राहील कशावरून? प्रश्नावली भरणारा मुलगा सेट-नेटच्या तयारीत चार तास झोपतो, घरच्या कर्जाची चिंता आहे, थायरॉइड कधी तपासलेला नाही. अशा लोकांमध्ये विशिष्टता ९० टक्क्यांवर आली असं समजा. आता चुकून पकडलेले होतात ९७. एकूण ११६ पैकी १९ बरोबर, म्हणजे साधारण १६ टक्के. प्रश्नावली तीच, माणसं बदलली, आणि उत्तराचा अर्थच बदलला. खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारे लोक खऱ्या संकेतापेक्षा जास्त वेळ गोंगाट ओळखण्यात का घालवतात, ते इथे समजतं.

म्हणून केवळ ऑनलाइन प्रश्नावलीवर निदान नको, हे नियमावलीचं सावधपण मला पटतं.

मग अडचण कुठे आहे

अडचण अशी की नियमावली तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधते : निदान करणं, औषध सुरू करणं आणि चालू औषधाची चिठ्ठी पुन्हा देणं. तिन्हींतला धोका सारखा नाही.

निदानाला वेळ लागतो. डीएसएम-५ प्रमाणे लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, तीही घर, शाळा, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी. म्हणजे आईशी बोलणं आलं, प्रगतिपुस्तक पाहणं आलं. यातलं बरंचसं व्हिडिओवर होऊ शकतं. उलट आई घोडेगावहून पुण्यात येऊन बावरून बोलण्यापेक्षा ओसरीवर बसून जास्त मोकळेपणाने सांगेल.

औषध सुरू करताना रक्तदाब, नाडी, वजन पाहावं लागतं, हृदयविकाराचा इतिहास विचारावा लागतो. इथे प्रत्यक्ष भेटीचा आग्रह योग्य आहे.

पण तिसरी पायरी? समजा, एखाद्याची पुण्यात प्रत्यक्ष तपासणी झाली, निदान पक्कं झालं, गोळीची मात्राही ठरली. आता फक्त तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवायची आहे. २०२० च्या मूळ मजकुराप्रमाणे तीही व्हिडिओवर देता येत नाही. आता 'बी' यादी आठवा : आधी प्रत्यक्ष भेट, मग दुरून फेरतपासणी. हे तत्त्व नियमावलीने स्वतःच मान्य केलं आहे. मग ते इथे का लागू नाही, याचं कारण दिलेलं नाही. 'शेड्यूल एक्समध्ये आहे म्हणून' हे वर्गीकरण झालं, कारण नव्हे. प्रबंधात तुम्ही असं लिहिलंत तर मार्गदर्शक लाल पेनाने 'का?' असं लिहून परत पाठवतील.

याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कोथरूडच्या माणसाला तो रिक्षाचा प्रवास आहे. मंचर पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटर, जुन्नर सुमारे ९५. आहुपे किंवा घाटघरच्या माणसाला आधी एसटीने तालुक्याला यायचं, मग चाकणच्या कोंडीतून पुण्याला. दिवसाची मजुरी गेली, टोमॅटोचा तोडा असेल तर बाहेरचा माणूस लावावा लागतो. आणि ज्याची मूळ अडचणच तारखा लक्षात ठेवणं, कागद सांभाळणं, वेळेवर निघणं ही आहे, त्याच्याकडूनच आपण दोन प्रतींतली चिठ्ठी आणि ठरलेल्या दिवशीचा प्रवास मागतो. आजाराचं लक्षणच उपचाराची अट होऊन बसतं.

दुसऱ्या बाजूचा पुरावा तरी किती पक्का?

टेलिमेडिसिनचे समर्थक 'कॅट्स' या अभ्यासाचा दाखला देतात. तो २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांतल्या सात ठिकाणची २२३ मुलं, यादृच्छिक विभागणी, २२ आठवडे. दोन्ही गटांतली मुलं सुधारली. व्हिडिओवर सहा सत्रं मिळालेल्या गटात पालकांच्या नोंदींप्रमाणे सुधारणा जास्त होती. अभ्यास चांगला आहे. पण 'व्हिडिओवर एडीएचडीचा उपचार होतो हे सिद्ध झालं' असं त्यावरून म्हणणारा त्यातला 'पद्धती' हा विभाग वाचत नाही.

एक, ही मुलं होती, प्रौढ नव्हते. दोन, त्यांना गावातल्या डॉक्टरांनी आधीच पाठवलं होतं, म्हणजे तपासला गेला तो उपचार, पहिल्याच कॉलवरचं निदान नाही. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : पालकांचं प्रशिक्षण व्हिडिओवर नव्हतं. ते स्थानिक समुपदेशक समोर बसून देत होते, त्यांच्यावर देखरेख फक्त दुरून होती. म्हणजे सुधारणेचं श्रेय स्क्रीनचं किती आणि गावातल्या त्या माणसाचं किती, हे वेगळं करता येत नाही.

जुन्नरमध्ये तो गावातला माणूस कोण? ई-संजीवनीच्या रचनेत एका टोकाला आरोग्य केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाबरोबर असतो आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर. रक्तदाब, नाडी, वजन तिथेच मोजता येईल. सांगाडा तयार आहे. तो एडीएचडीसाठी पुरेसा आहे का, हा तपासण्याचा विषय आहे, गृहीत धरण्याचा नाही.

आकडे कुठून आणायचे

२०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. लहान मुलांच्या मेंदूविकासाच्या अडचणींवरचा इनक्लेनचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्याची ठिकाणं पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. आपल्याला सर्वांत जवळचं उत्तर गोवा. तिथला आकडा आदिवासी पट्ट्यातल्या आंबेगावला लावायचा का? लावायचाच, तर कोणत्या अटींवर? 'बाह्य वैधता' हा शब्द परीक्षेत पाठ करण्यापेक्षा इथे जास्त नीट कळतो.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांसाठी तीन प्रश्न देतो. तिन्ही एका माणसाला झेपणारे आहेत.

१. दोन्ही तालुक्यांत २०-एफ परवाना असलेली मेडिकल किती आणि कुठे? व्हिडिओची बंदी उद्या उठली तरी गोळी मिळण्याची अडचण तशीच राहणार नाही ना, हे यावरून कळेल.
२. एएसआरएसचे प्रश्न मराठीत, आणि जुन्नरच्या बोलीत, लोकांना नेमके कसे समजतात? २० मुलाखतींपासून सुरुवात करता येईल.
३. पुण्यात निदान झालेले किती जण सहा महिन्यांनंतरही औषध घेत आहेत, आणि अंतराचा त्याच्याशी संबंध आहे का? याला रुग्णालयाची आणि नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल.

ज्यांना हा प्रश्न स्वतःचाच वाटतो त्यांच्यासाठी

प्रश्नावलीचं उत्तर 'हो' आलं म्हणजे निदान झालं असं नाही, आणि 'नाही' आलं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. तिथे बोलून पुढे कुठे जायचं ते विचारता येतं. पहिल्या भेटीला जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, आईला किंवा मोठ्या भावंडाला बरोबर न्या, झोपेची आठवड्याभराची नोंद न्या. औषधाची निवड डॉक्टरांवर सोडा. पण अ‍ॅटोमॉक्सेटिन व्हिडिओवर लिहिता येतं का, हे विचारायला लाजू नका. २०१८ च्या १३३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात प्रौढांमध्ये डॉक्टरांच्या नोंदींप्रमाणे त्याचा परिणाम मिथाइलफेनिडेटच्या बराच जवळ होता. मात्र तो दिसायला काही आठवडे लागतात. आणि हॉस्टेलवरच्या मित्राची गोळी परीक्षेपुरती घेऊन पाहू नका. त्याचा रक्तदाब तपासला गेलाय, तुमचा नाही.

माझा निष्कर्ष एवढाच : बंदी पूर्ण उठवा असं म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि चालू औषधाच्या फेरचिठ्ठीवरही ती ठेवण्याइतकं कारण नियमावलीत नाही. प्रत्यक्ष पहिली भेट, मग आरोग्य केंद्रातून फेरतपासणी, आणि त्याची नीट नोंद ठेवलेला एखाद-दोन तालुक्यांतला अभ्यास, हा मधला रस्ता आहे. तो करायला कोणीतरी लागेल, आणि त्याला जुन्नरच्या एसटीचं वेळापत्रक माहीत असेल तर प्रश्नावलीत काय विचारायचं हे लवकर कळेल.