गिरणगावाची गोष्ट शेवटापासूनच का सुरू होते?

मराठीतली गिरणगावाची गोष्ट बहुतेक वेळा १८ जानेवारी १९८२ ला सुरू होते. दत्ता सामंतांचा संप, बंद पडलेले भोंगे आणि हळूहळू उसवत गेलेलं चाळीतलं घर. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावर बेतलेला महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) हा सिनेमा, दोन्ही याच काळात घडतात.

‘अधांतर’ची ताकद अशी की संप घराबाहेर आहे, पण त्याची झळ धुरी कुटुंबाच्या प्रत्येक बोलण्याला लागलेली आहे. सिनेमा त्या मानाने फार मोठ्या आवाजात बोलतो. तरी दोन्ही पाहून उठताना मनात एकच वाक्य असतं: ‘गिरण्या होत्या तेव्हा किती बरं होतं!’ हा नाटकाचा दोष नाही, ते एका घराबद्दल आहे. दोष आपला आहे. आपण शेवट इतक्यांदा पाहिला, की सुरुवात बघायची राहूनच गेली.

सुरुवातीचं आपल्याला एवढंच ठाऊक असतं: कावसजी नानाभाई दावर, १८५४ साली काढलेली कंपनी आणि दोन वर्षांनी ताडदेवला सुरू झालेली गिरणी. पण या उद्योगात आलेला बराच पैसा कापूस आणि अफूच्या व्यापारातून आला होता, आणि पुढे इथलं सूत चीनच्या बाजारात गेलं. गिरणी चालवणाऱ्या एजंटांना सुरुवातीच्या काळात अनेकदा नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर कमिशन मिळे: दर पौंड सुतामागे पाव आणा. कंपनीला फायदा होवो न होवो, सूत निघत राहिलं की एजंटाचं भागलं. यंत्र थांबू न देण्याची घाई कुठून आली, ते इथे कळतं.

त्या घाईची किंमत माणसांनी मोजली. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. त्या आकड्यावर जरा थांबा. सात! मोठ्यांच्या तासांवर तर त्या कायद्यात मर्यादाच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचाही आधार गेला.

म्हणून मला या गोष्टीचा नायक दावर वाटत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे वाटतात. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, एकेकाळी स्वतः गिरणीत स्टोअरकीपर. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या असलेलं निवेदन तयार केलं. मागण्या वाचल्या तर दचकायला होतं: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

या सभेवर एक अख्खं नाटक उभं राहू शकतं. त्या दोघी काय बोलल्या असतील, घरी परतल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं असेल! पण आपल्या साहित्याला गिरणी कामगार हरतानाच जास्त दिसला, जिंकताना फारसा नाही.

याने फरक पडतो. शेवटापासून वाचलं की गिरणगाव म्हणजे हळहळ. सुरुवातीपासून वाचलं की कळतं, ‘बरे दिवस’ गिरणीने दिलेले नव्हते, ते एकेक करून मिळवलेले होते. सकाळी गिरणीच्या दाराशी ‘आज काम मिळेल का’ म्हणून उभा राहणारा बदली कामगार आणि आज ऑर्डरची वाट बघत मोबाईलकडे डोळे लावून बसलेला डिलिव्हरीवाला यांच्यात फार अंतर नाही. लोखंड्यांच्या चार मागण्या त्याच्यासमोर ठेवून बघा. त्यातल्या किती त्याला आज मिळतात?

येत्या रविवारी तुम्ही हे लोळत वाचत असाल, तर तो रविवारही कुणीतरी मागून घेतलेला आहे.